रंग वाळायला किती वेळ लागतो?



मागच्या अंकात आपण पासवर्ड आणि ओटीपीबद्दल बोललो होतो. लेख वाचून दोन आजोबांनी आणि एका काकूंनी पासवर्ड बदलल्याचं आवर्जून कळवलं. (काकूंनी नवा पासवर्डही कळवला. काकू, कृपया पुन्हा बदला.)

या वेळचा विषय आपल्या कॉलेजातल्या मंडळींनी सुचवला आहे. "दादा, घर दुरुस्त करायच्या गेमला नवं अपडेट आलंय, त्यावर लिही ना." आता या गेमना अपडेट इतकी भराभर येतात की एकावर लिहायला घेतलं तर अंक निघेपर्यंत ते शिळं झालेलं असतं. म्हणून एका अपडेटवर न लिहिता थोडं मागे जाऊन बघू या. गेल्या काही वर्षांत या गेममध्ये कायकाय भर पडत गेली, आणि कोणती एक गोष्ट अजूनही आलेली नाही? त्या न आलेल्या गोष्टीमुळे आपल्या खऱ्या घरांचं काय होतं, तेही मला सांगायचं आहे.

खेळायचं काय? तर झाडू मारायचा!

आईबाबा, आजीआजोबांसाठी आधी थोडी ओळख. या गेममध्ये बंदूक नाही, राक्षस नाही, गाड्यांची शर्यत नाही. तुम्ही एका कळकट घरात शिरता. कचरा पिशवीत भरता, जमीन पुसता, खिडक्या साफ करता. मग भिंतीला रंग देता, फरशी बसवता, बेसिन जोडता. घरी "जरा पंख्यावरची धूळ पूस रे" म्हटलं की ज्यांना अचानक अभ्यास आठवतो, तीच मुलं इथे तीन-तीन तास मन लावून दुसऱ्याची मोरी घासतात. वर पैसे देऊन घासतात.

यातला सगळ्यात गाजलेला गेम म्हणजे 'हाऊस फ्लिपर'. तो २०१८ साली आला, पोलंडमधून. अमेरिकेत एखादं मोडकळीला आलेलं घर स्वस्तात घ्यायचं, दुरुस्त करायचं आणि नफ्यावर पटकन विकून टाकायचं, याला घर 'फ्लिप' करणं म्हणतात. नाव त्यावरून. सुरुवातीला तुमच्याकडे एक पडकी खोली असते, तेच तुमचं ऑफिस. लॅपटॉपवर ईमेलने कामं येतात. कुणाला घर साफ करून हवं असतं, कुणाला खोली रंगवून, कुणाला रेडिएटर बसवून. चार पैसे साठले की तुम्ही स्वतः घर विकत घेता, नीट करता आणि लिलावात विकता.

याचाच चुलतभाऊ म्हणजे 'पॉवरवॉश सिम्युलेटर'. हा इंग्लंडमधल्या फ्युचरलॅब कंपनीचा, २०२२ साली पूर्ण स्वरूपात आला. यात हातात जोरदार पाण्याचा फवारा असतो आणि समोर चिखलाने माखलेली गाडी, बाग, घसरगुंडी किंवा अख्खं घर. धूत बसायचं. एकेक भाग स्वच्छ झाला की 'टिंग' असा आवाज होतो. त्या 'टिंग'साठी लोक रात्री दोन वाजेपर्यंत जागतात. मी दोन्ही गेम खेळलो आहे आणि 'टिंग'ची ओढ म्हणजे काय, ते मला पक्कं ठाऊक आहे.

अपडेटमध्ये काय येतं?

अपडेट म्हटलं की घरातली मोठी माणसं म्हणतात, "पुन्हा डाऊनलोड? परवाच तर केलं होतंस!" त्यांच्यासाठी सांगतो. गेम विकून झाला म्हणजे गेम बनवणाऱ्यांचं काम संपलं, असं आता राहिलेलं नाही. लोक खेळतात, कुठे अडतं ते कळवतात, आणि बनवणारे दुरुस्त्या करून पाठवत राहतात. म्हणजे घरदुरुस्तीच्या गेमची स्वतःचीच सतत डागडुजी चाललेली असते!

काही अपडेट मोफत असतात, काहींसाठी वेगळे पैसे मोजावे लागतात. 'हाऊस फ्लिपर'ला २०१९ साली बाग करायची सोय आली. मग हिरवळ लावा, झाडं लावा, अंगण सजवा. २०२२ साली पाळीव प्राणी आले. आता नुसतं घर नाही, तर कुत्र्यामांजरांना राहण्याजोगं घर करायचं होतं. २०२३ च्या डिसेंबरमध्ये 'हाऊस फ्लिपर २' हा पूर्ण नवा गेम आला. त्यात एक कळ दाबली की कुठलं काम राहिलंय, कुठे डाग उरलाय ते चमकून दिसतं. ही सोय आमच्या मातोश्रींना दिवाळीच्या साफसफाईत उपजतच असते. त्यांना कळही दाबावी लागत नाही.

पण मला सगळ्यात आवडलेली सुधारणा अगदी छोटी आहे. पहिल्या 'हाऊस फ्लिपर'मध्ये काही घरांत झुरळं असतात. ती व्हॅक्यूम क्लीनरने ओढून घ्यायची. काही खेळाडूंना पडद्यावरची झुरळंसुद्धा सहन होईनात. तेव्हा बनवणाऱ्यांनी सेटिंगमध्ये एक पर्याय ठेवला. तो निवडला की झुरळांच्या जागी फुटक्या काचा दिसतात. काम तेच, भीती गायब. कुणाला काय खुपतंय ते कुणीतरी लक्ष देऊन ऐकलं आणि त्यावर अर्ध्या ओळीचा पर्याय काढला. सॉफ्टवेअरमध्ये असल्यामुळे मला अशा गोष्टींचं फार कौतुक वाटतं. मोठमोठ्या नव्या सोयींच्या जाहिराती होतात, पण माणसाचा जीव निवतो तो अशा बारक्या दुरुस्तीने.

एवढं बरं का वाटतं?

"दुसऱ्याची घाण काढण्यात कसली आली मजा?" हा प्रश्न आपल्या घराघरात विचारला जातो. गंमत म्हणजे ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनीही साधारण तोच प्रश्न घेतला. 'पॉवरवॉश सिम्युलेटर'ची एक खास संशोधनासाठीची आवृत्ती तयार केली गेली. खेळता खेळता मधूनच खेळाडूला विचारलं जाई, आत्ता तुम्हाला कसं वाटतंय? ३९ देशांतल्या ८,००० हून जास्त खेळाडूंची उत्तरं गोळा झाली आणि अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. सुमारे ७२ टक्के खेळाडूंची मनःस्थिती खेळताना सुधारण्याची शक्यता दिसली, आणि ती सुधारणा मुख्यतः पहिल्या १५ मिनिटांतच झाली. सुधारणा फार मोठी नव्हती, पण होती.

ही पहिली पंधरा मिनिटं पालकांनी आणि मुलांनी दोघांनीही लक्षात ठेवावीत. पालकांनी यासाठी की मुलाला खरंच बरं वाटत असतं, तो नाटक करत नसतो. मुलांनी यासाठी की उरलेल्या पावणेतीन तासांना हे कारण पुरत नाही.

माझ्या मते बरं वाटण्याचं कारण सरळ आहे. आपल्यापैकी बहुतेकांची कामं अशी असतात की संध्याकाळी "आज काय केलं?" असं कुणी विचारलं तर हातात घेऊन दाखवण्यासारखं काही नसतं. मी दिवसभरात चाळीस ईमेल लिहितो आणि दुसऱ्या दिवशी पन्नास येतात. अभ्यासाचंही तसंच. गेममधली भिंत मात्र मळकी होती आणि आता पांढरी आहे. 'पॉवरवॉश'मध्ये तर शेवटी तुम्ही केलेलं सगळं काम भराभर पुढे सरकवून दाखवतात. काळ्याचं पांढरं होताना डोळ्यांनी दिसतं. हे समाधान खोटं नाही. रंगारी, सुतार, प्लंबर यांना हे समाधान रोज मिळत असेल असा विचार मनात आला, तर तोही गेमचा फायदाच म्हणायचा.

पण त्यांचं काम आणि हा गेम यांत एक मोठा फरक आहे.

गेममध्ये नसलेली गोष्ट

गेममध्ये रंग लावला की तो लागला. फरशी ठेवली की ती चिकटली. गिलावा थापला की भिंत गुळगुळीत. मधली भिंत नको असेल तर हातोडा घ्या, चार घाव, भिंत गेली. वरचं छप्पर जागच्या जागी. 'पॉवरवॉश'मध्ये तर एखादा भाग जवळजवळ स्वच्छ झाला की उरलेले बारीक ठिपके गेम स्वतःच पुसून टाकतो.

आता खऱ्या घराकडे या. नव्या काँक्रीटवर किमान सात दिवस पाणी मारत राहावं लागतं. त्याची ताकद मोजायची ती २८ दिवसांनी. गिलाव्यालाही रोज पाणी पाजावं लागतं, आणि तो नीट वाळल्याशिवाय वर रंग चढवला तर पुढे पापुद्रे सुटतात. रंगाचं तर पहिल्या हातानंतर दुसरा हात द्यायला काही तास थांबायचं. पुट्टी भरायची, वाळू द्यायची, पॉलिश पेपरने घासायची, मग प्रायमर, तोही वाळू द्यायचा. लादी डिंकावर बसवली की निदान एक दिवस तिच्यावर पाय नको, सांधे भरायचे ते त्यानंतर. सिमेंटच्या कुठल्याही कामात हात चालवण्याचा वेळ थोडा आणि हात आवरून बसण्याचा वेळ जास्त.

गेममधून काढून टाकलेली गोष्ट ती हीच: थांबणं. आणि गेम म्हणून ते बरोबरच आहे. रंग वाळताना बघत बसायचा गेम कोण विकत घेईल? घाम, धूळ, खरचटलेले हात, दुकानात संपलेली शेड, न आलेला माणूस, हे सगळं गाळलं म्हणून तर तो खेळ झाला. माझं भांडण गेमशी नाहीच. पण गेम, घर बदलल्याचे तीस सेकंदांचे रील्स आणि "चार दिवसांत नवं बाथरूम" अशा जाहिराती, या तिन्ही गोष्टी रोज बघून आपल्या डोक्यात एक समज पक्की होते की काम म्हणजे फक्त हात चालतो तेवढा वेळ. बाकीचा वेळ म्हणजे मिस्त्रीचा आळस.

ही समज किती महागात पडते याचं एक उदाहरण आमच्याच सोसायटीतलं आहे. नावं कुणाचीच सांगत नाही, कारण सगळी माणसं चांगली आहेत.

दोन दिवसांचं पाणी

तिसऱ्या मजल्यावरच्या एका कुटुंबाने बाथरूम नव्याने करायला काढलं. घरात लग्न होतं, पाहुणे यायचे होते, तारीख ठरलेली. कंत्राटदाराने एक वयस्कर कडियाकाका आणले होते. (वडोद्याबाहेरच्या वाचकांसाठी: गवंड्याला आम्ही इकडे गुजरातीप्रमाणे कडिया म्हणतो.) जुनी लादी निघाली, खाली वॉटरप्रूफिंग झालं. तेव्हा काकांनी घरमालकांना सांगितलं, "साहेब, आता दोन दिवस इथे पाणी भरून ठेवू. खालच्यांच्या छताला ओल आली नाही, तर मगच लादी लावू."

ही काही त्यांची खास युक्ती नव्हती. बाथरूमच्या किंवा गच्चीच्या वॉटरप्रूफिंगनंतर नळीची तोंडं बंद करून पाणी साठवायचं, निदान एक-दोन दिवस ठेवायचं आणि खालून बघायचं, ही नेहमीची पद्धत आहे. लादी लावण्याआधी गळती सापडली तर दुरुस्ती काही तासांची. लादी लावल्यानंतर सापडली तर सगळं पुन्हा.

कंत्राटदार म्हणाला, गरज नाही, माल चांगल्या कंपनीचा आहे. घरच्यांनी कॅलेंडर बघितलं. दोन दिवस वाचले. बाथरूम खरंच सुंदर झालं, अगदी गेममधल्यासारखं. लग्नातल्या पाहुण्यांनी फोटोसुद्धा काढले.

दुसऱ्या महिन्यात खालच्या घराच्या छतावर पिवळा डाग उमटला. आधी बशीएवढा होता, मग परातीएवढा झाला. आधी "तुमची नळी असेल", "नाही, तुमचीच", असं झालं. मग सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय आला. मी कमिटीवर असल्यामुळे दोन्ही घरांत चहा प्यायलो आणि दोन्हीकडचं ऐकलं. बारा वर्षं दिवाळीला ज्यांची फराळाची ताटं एकमेकांकडे जात, त्यांनी त्या वर्षी ती पाठवली नाहीत. शेवटी नवी कोरी लादी फोडली. खर्च दुप्पट झाला, पण त्याहून जास्त ती ताटं सगळ्यांना लागली.

फोडायला तेच कडियाकाका आले. "मी सांगितलं होतं" असं ते एकदाही म्हणाले नाहीत. तुकडे घमेल्यात भरले, खाली नेले, पुन्हा वॉटरप्रूफिंग केलं आणि पाणी भरलं. या वेळी त्यांनी दोन नाही, तीन दिवस ठेवलं. कुणी विचारलंसुद्धा नाही, का म्हणून.

त्यांच्याशी गप्पा मारताना मला एक गोष्ट कळली, जी मी त्याआधी कधी लक्षात घेतली नव्हती. ते रोजावर काम करत होते. ज्या दिवशी पाणी भरलेलं असतं त्या दिवशी काम नसतं, आणि काम नाही म्हणजे रोज नाही. दुसरीकडे एक-दोन दिवसांचं काम मिळालं तर मिळालं. म्हणजे "दोन दिवस थांबा" हे ते स्वतःच्या खिशाला चाट लावून सांगत होते. ज्याला थांबण्यात तोटा आहे तो थांबा म्हणत होता, आणि ज्यांचं घर होतं त्यांना घाई होती.

तेव्हापासून मला वाटतं की कारागिराचं कौशल्य हातात असतंच, पण त्याहून जास्त ते 'अजून नाही' म्हणण्यात असतं. भिंत अजून ओली आहे, लाकूड अजून वाळायचं आहे, सिमेंट अजून धरायचं आहे. हे ओळखायला वीस-तीस वर्षं लागतात आणि आपण त्याचे पैसे देत नाही. आमच्या क्षेत्रातही वेगळं काही नाही. प्रोग्रॅम लिहून झाला की तो तपासायचे दिवस वेळापत्रकात असतात, आणि घाई झाली की पहिली कात्री त्यांनाच लागते. दिसायला ते 'रिकामे' दिवस असतात ना! फरक एवढाच की आम्हाला महिन्याच्या शेवटी पगार मिळतो आणि चूक निघाली तर दुसऱ्या दिवशी अपडेट पाठवता येतं. बाथरूमच्या लादीखाली अपडेट पाठवता येत नाही.

कलाभवनातला तुकडा

आपल्या वडोद्याला हा विषय परका नाही. १८९० साली महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी इथे कलाभवन सुरू केलं. प्रा. त्रिभुवनदास गज्जर हे त्यामागचं मोठं नाव. हाताच्या कामाला शाळेत जागा हवी, ते वर्गात बसून शास्त्रशुद्ध शिकवलं गेलं पाहिजे, असा तो विचार होता. दादासाहेब फाळकेही तिथेच शिकले. पुढे हीच संस्था महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रज्ञान आणि अभियांत्रिकी विद्याशाखा झाली, पण जुनी माणसं रिक्षावाल्याला अजूनही 'कलाभवन' असंच सांगतात.

आजही कुठल्याही बीईच्या विद्यार्थ्याला विचारा, पहिल्या वर्षाचं वर्कशॉप त्याला आठवतं. पुढे कॉम्प्युटर घेणारा असो की सिव्हिल, लोखंडाचा एक ओबडधोबड तुकडा हातात मिळतो आणि कानस घेऊन तो काटकोनात आणायचा असतो. घासा, गुण्या लावा, उजेडात धरा. फटीतून उजेड दिसला की पुन्हा घासा. एक कोपरा जमला की दुसरा बिघडतो. तिथे एक कळ दाबून चूक मागे घेता येत नाही. जास्त घासलं गेलेलं लोखंड परत येत नाही. कोड लिहिणाऱ्या आमच्यातल्या अनेकांना हे वर्कशॉप तेव्हा निरर्थक वाटायचं. पण ज्या कामात चूक मागे घेता येत नाही ते काम कसं करतात, याची चव आम्हाला आयुष्यात एकदाच मिळाली आणि ती तिथे.

एक गंमत सांगतो. भिंत सरळ उभी आहे का ते बघायला गवंडी दोरीला बांधलेलं वजन सोडतो. त्याला मराठीत ओळंबा म्हणतात आणि गुजरातीत ओळंबो. काटकोन बघायचा तो आपला गुण्या, त्यांचा गुणियो. आपला रंधा, त्यांचा रंधो. करवत तर दोन्हीकडे करवतच. आपल्या घरातल्या मुलांना हे शब्द दोन्ही भाषांत माहीत नाहीत, पण गेममधल्या सगळ्या हत्यारांची इंग्रजी नावं पाठ आहेत. तक्रार म्हणून सांगत नाही. ज्या शब्दांनी दोन भाषांतली माणसं पिढ्यान्‌पिढ्या एकाच भिंतीवर काम करत आली, ते आपल्या तोंडी राहिले तर बरं, एवढंच.

मग गेम खेळायचा की नाही?

जरूर खेळा. मी खेळतो. पण खेळून झाल्यावर घराकडे एकदा त्या नजरेने बघा. दर वेळी गेमला अपडेट आलं की आपल्या घरालाही एक छोटं अपडेट द्यायचं, असा नियम करायला काय हरकत आहे? सुरुवातीला हे जमण्यासारखं आहे:

१. गळका नळ. जुन्या पद्धतीच्या फिरवायच्या नळाचा बहुतेक वेळा वॉशर झिजलेला असतो. मुख्य कॉक बंद करा, नळात उरलेलं पाणी काढून टाका, पाना लावून नळ उघडा. जुना वॉशर दुकानात नेऊन अगदी तसाच आणा. पहिल्या वेळी घरातलं माहीतगार माणूस शेजारी उभं करा.

२. करकरणारं दार. बिजागरीत दोन थेंब तेल. त्याआधी बिजागरीचे स्क्रू ढिले नाहीत ना ते बघा, कारण बरेचदा खरं दुखणं तिथेच असतं.

३. तुंबलेलं बेसिन. बाजारातलं ॲसिड ओतण्याआधी खाली बादली ठेवून बेसिनखालची बाटलीसारखी वाटी हाताने उघडून बघा. केस, साबण आणि हरवलेलं कानातलं, यांपैकी दोन गोष्टी नक्की सापडतील.

४. भिंतीवरचं भोक. खिळा काढल्यावर राहिलेल्या भोकात थोडी पुट्टी भरा. आणि मग, मंडळी, ती वाळू द्या. दुसऱ्या दिवशी घासा. हा एक दिवस थांबणं हाच खरा धडा.

आता काय करायचं नाही तेही सांगतो, कारण गेममध्ये झटका बसत नाही. विजेच्या बोर्डाला, गीझरला आणि गॅसच्या जोडणीला स्वतः हात लावायचा नाही, त्यासाठी जाणकार माणूस बोलवायचा. गेममध्ये हवी ती आतली भिंत पाडता येते. आपल्या इमारतीत त्या भिंतीत कॉलम किंवा वर बीम असू शकतो आणि तो एकट्या तुमचा नसतो, वरच्याखालच्या सगळ्या मजल्यांचा असतो. त्यामुळे इंजिनियरला आणि सोसायटीला विचारल्याशिवाय हातोडा उचलायचा नाही.

शेवटचं आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठं काम मात्र पैसे देणाऱ्यांसाठी आहे, म्हणजे आईबाबांसाठी आणि आता कमवायला लागलेल्या आपल्यासारख्यांसाठी. घरात काम काढाल तेव्हा "किती दिवसांत कराल?" याच्याआधी "मध्ये किती दिवस थांबावं लागेल?" असं विचारा. जो मिस्त्री याचं नीट उत्तर देईल तो आपलं काम जाणतो. ते थांबण्याचे दिवस वेळापत्रकात लिहून ठेवा. जमलं तर थेट मिस्त्रीशी बोलून त्या दिवसांचाही काहीतरी मोबदला ठरवा, किंवा घरातलं दुसरं एखादं काम त्या दिवसांत ठेवा, म्हणजे त्याचा रोज बुडणार नाही. मग 'थांबा' म्हणताना त्याला नुकसान सोसावं लागणार नाही आणि ऐकताना आपल्यालाही घाई होणार नाही. पाणी भरून ठेवलेल्या एका दिवसाचा रोज फोडलेल्या लादीपेक्षा नेहमीच स्वस्त पडतो. आणि फराळाच्या ताटांचा हिशेब तर कुठल्याच बिलात येत नाही.

कॉलेजातल्या मंडळींसाठी एक गृहपाठ. पुढच्या वेळी तुमच्या किंवा शेजारच्या घरी सुतार, गवंडी किंवा रंगारी येईल तेव्हा फोन खिशात ठेवून अर्धा तास त्याच्याजवळ उभे राहा. काका म्हणून हाक मारा, चहा तुम्हीच नेऊन द्या. आणि विचारा, "काका, हे आज का नाही करत?" जे उत्तर मिळेल ते तीन-चार ओळींत लिहून मला पाठवा, हत्यारांच्या मराठी किंवा गुजराती नावांसह. चांगली उत्तरं आपण पुढच्या अंकात छापू.

पुढच्या महिन्याचा विषय: घरातले जुने फोटो स्कॅन करून कसे आणि कुठे जपून ठेवायचे. तोपर्यंत अल्बम शोधून ठेवा, आणि फोटो चिकटले असतील तर ओढू नका. थोडं थांबा!